विल्यम कूपर आणि 1,814 सह्यांचा अर्ज

ग्लेन वेव्हर्लीहून निघालेली गाडी मेलबर्न शहराखालच्या बोगद्यात शिरली की पुढे फ्लॅगस्टाफ स्टेशन लागतं. तिथून वर आलं की विल्यम स्ट्रीट. इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचं नाव मिरवणाऱ्या या रस्त्यावर कोर्टकचेऱ्यांची रांग आहे आणि त्यातल्या एका इमारतीला 2010 साली विल्यम कूपर यांचं नाव दिलं गेलं. आमच्या भागातली कितीतरी मराठी माणसं रोज या बाजूला नोकरीला जातात. मुलांच्या शाळेत, ऑफिसच्या बैठकीत, आपल्या सणांच्या कार्यक्रमातही सुरुवातीला या भूमीच्या मूळ धन्यांचं स्मरण करतात. ग्लेन वेव्हर्लीत वुरुन्जेरी आणि बुनुरोंग ही नावं घेतली जातात. पण त्या मूळ धन्यांनी आपले हक्क कसे मागितले, कोणाकडे मागितले आणि त्यांना काय उत्तर मिळालं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. कूपर यांचं आयुष्य समजून घेतलं की त्या इतिहासाचा मोठा भाग उलगडतो. आणि या कथेत भारतीय वंशाचा एक मास्तर आहे, म्हणून ती आपण वाचायला आणखी एक कारण आहे.

कूपर यांचा जन्म 1860 च्या सुमाराचा. मरे आणि गोलबर्न या नद्यांच्या संगमाजवळचा प्रदेश, म्हणजे योर्टा योर्टा लोकांचा मुलूख. आई किटी लुइस योर्टा योर्टा, वडील जेम्स कूपर गोरे मजूर. त्यांच्या जन्माआधी वीस वर्षांत या मुलखाचं रूप पालटून गेलं होतं. 1835 साली मेलबर्नची वसाहत सुरू झाली आणि पाच-सात वर्षांतच मेंढ्यांचे कळप मरेच्या काठाला भिडले. ज्या पाणथळीत मासे, कासवं, बदकं आणि कंद यांवर माणसं पिढ्यान्‌पिढ्या सुखाने जगली, ती जमीन कुरणं म्हणून वाटली गेली. रोगराई आली, उपासमार आली, खूनखराबाही झाला. मग नदीतून वाफेच्या बोटी सुरू झाल्या आणि मासे पळाले. 1860 च्या सुमारास एचुका परिसरातल्या मूळ रहिवाशांनी सरकारी मंडळापुढे एक मागणी ठेवली होती: मरेतून जाणाऱ्या प्रत्येक बोटीवर 10 पौंडांचा कर बसवा आणि गेलेल्या माशांच्या बदल्यात त्या पैशांतून आम्हाला अन्न द्या. मागणी मान्य झाली नाही. पण नुकसान काय, ते कोणी केलं आणि भरपाई कशी व्हावी, हे त्या लोकांनी किती नेमकं सांगितलं होतं! कूपर ज्या समाजात वाढले, तो समाज असा होता.

लहानपणी त्यांना इतर काही मुलांसोबत मेलबर्नला नेण्यात आलं. जॉन ओशॅनसी हे व्हिक्टोरियाचे माजी प्रीमियर आणि मोठे जमीनदार. त्यांच्याकडे कूपर घोडागाडीच्या कामाला होते. 1874 साली डॅनियल आणि जॅनेट मॅथ्यूज या दांपत्याने मरेच्या न्यू साउथ वेल्सकडच्या काठावर मलोगा इथे मिशन काढलं, तेव्हा किटी आपल्या मुलांना घेऊन तिथे आल्या. छोटे कूपर चटकन अक्षरं शिकले.

थॉमस शॅड्रॅक जेम्स या मास्तरांची गाठ मात्र पुढे पडली. जेम्स यांचा जन्म 1859 सालचा, मॉरिशसमधला, घराणं तमिळ. मजुरी आणि व्यापार करत मद्रासकडून समुद्रापार गेलेल्या हजारो कुटुंबांतलंच हे एक. तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात आले. 1881 साली मेलबर्नच्या ब्रायटन किनाऱ्यावर मॅथ्यूज यांच्या प्रार्थनासभेत त्यांनी मलोगाची हकीगत ऐकली आणि ते तिथे शिकवायला गेले. गेले ते कायमचेच. 1885 साली त्यांनी कूपर यांची बहीण एडा हिच्याशी लग्न केलं आणि 1922 पर्यंत ते त्याच समाजाच्या मुलांना शिकवत राहिले. दिवसा मुलांची शाळा, रात्री मोठ्यांचे वर्ग. दिवसभर कष्ट करून आलेले कूपर या वर्गांत बसत. पुढच्या पन्नास वर्षांत मूलनिवासींच्या चळवळीत जी माणसं उभी राहिली, त्यांतली मोठी संख्या या एका शिक्षकाच्या हाताखालून गेलेली होती. जोतिराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांनी आपल्याकडे काय घडवलं हे ज्याला माहीत आहे, त्याला इथे वेगळं काही सांगायला नको. मेलबर्नमधल्या भारतीयांनी अभिमानाने घ्यावं असं जेम्स यांचं नाव आहे आणि ते आपल्याकडे जवळजवळ कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

जेम्स मलोगाला आले त्याच वर्षी, 1881 च्या जुलैमध्ये, तिथल्या 42 पुरुषांनी न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरकडे अर्ज केला. आमची सगळी जमीन गेली, शिकार संपली, आता आम्हाला थोडी जमीन द्या, आम्ही शेती करू, जनावरं पाळू, कोणाच्या दारात उभे राहणार नाही, असा त्याचा आशय. सिडनीच्या वर्तमानपत्रात तो छापून आला. कूपर यांनी स्वतः 1887 साली जमिनीसाठी पत्र लिहिलं. ही विशाल भूमी मुळात आमचीच आहे, तिचा एक लहानसा तुकडा मागतो आहोत, असं त्यांनी त्यात बजावलं. तेव्हा ते पंचविशीत होते. यानंतर अर्ज लिहिणं त्यांनी मरेपर्यंत सोडलं नाही.

1888 साली मलोगाची वस्ती जवळच सरकारने राखून ठेवलेल्या 1,800 एकर जागेवर हलली. तिला कमेरागंजा म्हणतात. लोकांनी झाडं तोडून जमीन साफ केली, गहू पेरला. काही कुटुंबांना सुमारे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे कसायला मिळाले आणि त्यांनी ते उत्तम कसले. मग 1907 च्या सुमारास सरकारी मंडळाने हेच तुकडे काढून घेतले. 1909 च्या कायद्याने वस्तीवरच्या व्यवस्थापकाच्या हाती सगळी सत्ता आली: कोणी राहायचं, कोणी जायचं, शिधा कोणाला किती मिळणार. 1915 च्या दुरुस्तीने तर न्यायालयापुढे न जाता मुलं आईबापांपासून तोडून नेण्याचा अधिकार मंडळाला मिळाला. मार्गारेट टकर या पुढे कूपर यांच्या सहकारी झाल्या. त्यांना 1917 साली मूनाकुला इथल्या शाळेतून सरकारी माणसांनी मोटारीत घालून नेलं, आई समोर असताना. तेव्हा त्या तेरा वर्षांच्या होत्या.

कूपर यांनी या काळात मेंढ्या कातरल्या, गुरं हाकली, घोडे वठणीवर आणले. मजूर संघटनेत ते कार्यकर्ते होते. सभा कशी घ्यायची, ठराव कसा लिहायचा, शिष्टमंडळ कसं न्यायचं हे त्यांना तिथे उमगलं असावं. दोन पत्नी त्यांना अकाली सोडून गेल्या. मुलगा डॅनियल पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन फौजेत गेला आणि 1917 साली बेल्जियममध्ये मारला गेला. दुसरा मुलगा लिंच याने 1928 साली स्टॉवेलची मोठी शर्यत जिंकली. अशा घराच्या कर्त्या पुरुषाला म्हातारपणी पेन्शन नाकारलं गेलं, कारण सरकारी वस्तीवर राहणारा मूलनिवासी त्यासाठी पात्रच नव्हता. म्हणून 1933 साली सत्तरी ओलांडलेल्या कूपर यांनी कमेरागंजा सोडलं आणि तिसऱ्या पत्नी सारा यांच्यासह ते मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात भाड्याच्या घरात आले. तो मंदीचा काळ होता आणि फुट्सक्रे ही गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांची गरीब वस्ती होती.

त्या घरात वीज नव्हती. तुटपुंज्या पेन्शनमधून टपालाची तिकिटं यायची. तिथे बसून या माणसाने मंत्र्यांना, खासदारांना, पाद्र्यांना, संपादकांना पत्रं लिहिली. सही करून ती टपालात टाकायची, उत्तराची वाट पाहायची, उत्तर आलं नाही तर आठवण करून द्यायची. रेल्वेत नोकरी करणारे आर्थर बर्ड्यू हे गोरे कामगार कार्यकर्ते त्यांच्या मदतीला आले. भाचा शॅड्रॅक जेम्स, मार्गारेट टकर, एरिक आणि बिल ओनस हे बंधू आणि फिट्झरॉयकडून फुटबॉल खेळणारा नातेवाईक डग निकोल्स, असा गोतावळा जमला. 1936 साली त्यांनी ऑस्ट्रेलियन ॲबोरिजिन्स लीग रीतसर स्थापन केली. बर्ड्यू वगळता ही मूलनिवासींची स्वतःची संघटना होती. त्याआधीच, जानेवारी 1935 मध्ये, हे लोक केंद्रीय मंत्री थॉमस पॅटरसन यांना शिष्टमंडळ घेऊन भेटले होते.

मुख्य काम होतं अर्जाचं. राजा पाचवा जॉर्ज याला उद्देशून 1933 मध्ये त्यांनी एक अर्ज तयार केला. त्यात तीन मागण्या होत्या: आमच्या लोकांचा निर्वंश थांबवा, सर्वांना चांगलं जगता येईल अशी परिस्थिती द्या, आणि संसदेत आम्हाला आमचा प्रतिनिधी द्या. शेजारच्या न्यूझीलंडमध्ये माओरींना 1867 पासून संसदेत चार जागा होत्या, हे कूपर आवर्जून सांगत. त्यांचं म्हणणं असं की गोरा अधिकारी कितीही भला असला तरी तो आमच्या जागी बसून विचार करू शकत नाही, म्हणून कायदा होतो तिथे आमचा माणूस हवा. मराठी वाचकाला इथे लगेच आपला काळ आठवेल. गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 साली लष्करभरतीसाठी केलेला अर्ज, डॉ. आंबेडकरांनी 1919 साली साउथबरो समितीपुढे दिलेली साक्ष, गोलमेज परिषद, आणि सप्टेंबर 1932 चा पुणे करार. ज्या पाचव्या जॉर्जच्या स्वागताची आठवण म्हणून आपल्या मुंबईत गेट वे ऑफ इंडिया उभं आहे, त्याच राजाच्या साम्राज्याच्या दोन टोकांना त्याच वर्षांत हा एकच प्रश्न विचारला जात होता: आमच्यासाठी कायदे करणाऱ्यांत आम्ही कुठे आहोत?

अर्जाचे कागद टपालाने देशभरच्या वस्त्यांवर गेले. काही व्यवस्थापकांनी आडकाठी केली, काही ठिकाणी लोक सही करायला घाबरले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी फुल्या मारल्या, अंगठे उठवले. चार वर्षांत 1,814 सह्या जमल्या. एका गरीब म्हाताऱ्याने, पदरी पैसा नसताना, युरोपभर पसरेल एवढ्या अवाढव्य देशातून या सह्या टपालाने गोळा केल्या. मला या गोष्टीचं वाटतं तेवढं आश्चर्य त्यांच्या दुसऱ्या कोणत्याच कामाचं वाटत नाही. 1937 साली अर्ज पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या सरकारकडे गेला, राजाकडे पोचवण्याच्या विनंतीसह. तोवर पाचवा जॉर्ज वारला होता. 1938 च्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने ठरवलं की अर्ज पुढे पाठवण्यात काही हशील नाही. तो दप्तरात पडून राहिला.

उत्तराची वाट पाहत असतानाच कूपर यांनी आणखी एक कल्पना मांडली होती. 26 जानेवारी 1938 रोजी ब्रिटिश जहाजांच्या पहिल्या तांड्याच्या आगमनाला 150 वर्षं पूर्ण होणार होती आणि सिडनीत जंगी उत्सव ठरला होता. नोव्हेंबर 1937 मध्ये मेलबर्नच्या बैठकीत कूपर म्हणाले, गोऱ्यांच्या जल्लोषाचा दिवस आपण दुखवट्याचा पाळू. सिडनीचे जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन यांनी ती जबाबदारी उचलली. त्या दिवशी रस्त्यावरून चित्ररथ गेले. गोऱ्यांच्या आगमनाच्या नाट्यप्रयोगात पळून जाणाऱ्या मूलनिवासींची भूमिका करायला पश्चिमेकडच्या वस्त्यांवरून माणसं आणून पोलिसांच्या ताब्यात ठेवली होती. मिरवणूक सरल्यावर एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये काळे कपडे घातलेले सुमारे शंभर मूलनिवासी जमले. फर्ग्युसन, पॅटन, निकोल्स, टकर, आणि मेलबर्नहून आलेले वृद्ध कूपर. संपूर्ण नागरिकत्वाचा ठराव झाला. याच तारखेला, 1930 पासून, भारतात गावोगाव पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली जात होती. 31 जानेवारीला शिष्टमंडळ पंतप्रधानांना भेटलं. लायन्स यांनी ऐकून घेतलं, पुढे काही झालं नाही.

त्याच वर्षी 6 डिसेंबरला घडलेल्या एका प्रसंगामुळे आज जग कूपर यांना ओळखतं. 9 आणि 10 नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत ज्यूंची प्रार्थनाघरं जाळली गेली, दुकानं फोडली गेली, हजारोंना छावण्यांत टाकलं गेलं. मेलबर्नच्या वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. लीगने निषेधाचा ठराव केला आणि कूपर आपल्या सहकाऱ्यांसह शहरातल्या जर्मन वकिलातीत तो द्यायला गेले. वाणिज्यदूत ड्रेक्सलर यांनी त्यांना आत घेतलं नाही. निवेदन दारात ठेवून मंडळी परतली. ज्यांच्या स्वतःच्या मुलांना सरकार पळवून नेत होतं, त्यांनी समुद्रापलीकडच्या परक्या लोकांसाठी आवाज उठवला. त्या काळात असं करणारे जगात फार थोडे होते.

याच सुमारास, जानेवारी 1939 मध्ये, युद्धाचे ढग जमत असताना त्यांनी मंत्री जॉन मॅक्युएन यांना पत्र लिहिलं. माझ्या मुलाने राजासाठी रणांगणावर प्राण दिला, मागच्या युद्धातून जिवंत परतलेले आमचे लोक पुन्हा रानात ढकलले गेले, ज्यांना हक्क नाही, जमीन नाही, त्यांनी कशासाठी लढावं? आधी नागरिकत्व द्या, मग लढायला बोलवा. पोटच्या मुलाची किंमत मोजलेल्या बापाचं हे पत्र मला त्यांच्या साऱ्या लिखाणात सर्वांत धारदार वाटतं.

आणि मग कमेरागंजाच पेटलं. व्यवस्थापक आर्थर मॅक्विगन याची दमदाटी, निकृष्ट शिधा, आजारपणं आणि मुलं उचलली जाण्याची कायमची धास्ती यांनी लोक टेकीला आले होते. 4 फेब्रुवारी 1939 ला दीडशेहून अधिक माणसं, बायका-मुलांसह, गाठोडी घेऊन वस्तीबाहेर पडली आणि मरे ओलांडून व्हिक्टोरियात बार्मा इथे नदीकाठी राहुट्या टाकून बसली. परवानगीशिवाय वस्ती सोडणं हा नियमभंग होता. लोकांना चिथावल्याबद्दल पॅटन यांना अटक झाली. कूपर आणि लीगने मेलबर्नच्या कामगार संघटनांकडून धान्य, पैसा जमवला आणि चौकशीसाठी सरकारचं दार ठोठावलं. बहिष्कार नऊ महिने टिकला. मागण्या मान्य झाल्या नाहीत. काही कुटुंबं परतली, बरीचशी शेपर्टन आणि मूरूपना या गावांच्या मधल्या पुराच्या पट्ट्यात झोपड्या बांधून राहिली. शेपर्टनमध्ये आजही योर्टा योर्टांची मोठी वस्ती आहे, तिचं हे एक मूळ.

कूपर यांची तब्येत यानंतर ढासळली. 1940 च्या अखेरीस ते बार्माला, आपल्या नदीजवळ परतले. 29 मार्च 1941 रोजी मूरूपनाच्या इस्पितळात त्यांचा मृत्यू झाला. दफन कमेरागंजाला झालं. जमीन, पेन्शन, नागरिकत्व, संसदेतली जागा: ज्यासाठी त्यांनी अर्ज केले, त्यातलं जवळजवळ काहीही त्यांच्या हयातीत त्यांच्या लोकांना मिळालं नव्हतं.

मिळालं ते पुढे, त्यांनी तयार केलेल्या माणसांच्या हातून. दरवर्षी जानेवारीतला एक रविवार मूलनिवासींसाठी पाळावा, असं त्यांनी चर्चना सुचवलं आणि 1940 पासून तो पाळला जाऊ लागला. पुढे तो जुलैत गेला आणि त्यातूनच आज आपल्या मुलांच्या शाळांत साजरा होणारा नेडॉक सप्ताह उभा राहिला. डग निकोल्स पाद्री झाले, 1957 साली व्हिक्टोरियात नवी लीग उभारण्यात त्यांचा मोठा हात होता, आणि 1976 साली ते साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. 1962 मध्ये मूलनिवासींना केंद्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला. 27 मे 1967 च्या सार्वमतात 90.77 टक्के मतदारांनी घटनेतली भेदाची कलमं काढायला कौल दिला. त्या कौलामागे तीस वर्षांपूर्वीच्या फुट्सक्रेतल्या पत्रांचं ऋण आहे.

मानसन्मान उशिरा आले, पण भरभरून आले. जेरुसलेमच्या याद वाशेम संस्थेने 2010 मध्ये त्यांच्या नावाने अध्यासन जाहीर केलं. 2012 मध्ये त्यांचे नातू अल्फ 'बॉयडी' टर्नर आणि इतरांनी वकिलातीवरचा तो मोर्चा पुन्हा काढला आणि या वेळी निवेदन स्वीकारलं गेलं. 2014 मध्ये टर्नर यांनी गव्हर्नर जनरलकडे आजोबांचा अर्ज दिला, राणीकडे पोचवण्यासाठी. शेपर्टनच्या बागेत 2018 मध्ये कूपर यांचा पुतळा बसला. 2019 च्या निवडणुकीपासून मेलबर्नचा बॅटमन मतदारसंघ कूपर या नावाने ओळखला जातो. जॉन बॅटमन म्हणजे वसाहतीचा संस्थापक, ज्याच्या हाताला मूलनिवासींचं रक्त लागलेलं होतं.

तरी मला वाटतं, जग कूपर यांना वकिलातीच्या दारापुरतं ओळखतं हे अपुरं आहे. तो दिवस थोरच, पण तो एका दिवसाचा होता. अर्जामागे त्यांनी आयुष्य वेचलं. आणि त्या अर्जातली तिसरी मागणी अजून तशीच आहे. नेव्हिल बोनर 1971 मध्ये सिनेटमध्ये गेले, केन वायट 2010 मध्ये लोकांतून प्रतिनिधीगृहात निवडून आले, त्यानंतर आणखी काही जण. पण ते पक्षांच्या तिकिटावर आणि इतरांच्या मतांवर. मूलनिवासींची स्वतःची, हक्काची जागा संसदेत आजही नाही. 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात प्रस्ताव तर याहून कितीतरी लहान होता. संसदेला फक्त सल्ला देणारं मंडळ घटनेत आणायचं होतं. साठ टक्के मतदारांनी तो नाकारला, सहाही राज्यांनी नाकारला, आपल्या व्हिक्टोरियानेही.

आपल्यापैकी ज्यांनी इथलं नागरिकत्व घेतलं आहे त्यांना मतदान सक्तीचं आहे, म्हणजे त्या कौलात आपलाही वाटा होता. हा प्रश्न पुन्हा मतपत्रिकेवर येईल असं मला वाटतं. राखीव जागांचा अर्थ काय आणि त्या का मागाव्या लागतात, हे मराठी माणसाला या देशातल्या इतर कोणाही स्थलांतरितापेक्षा अधिक चांगलं समजायला हवं. मत देण्याआधी 1933 चा तो अर्ज वाचा. फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो.